सातवं पान

अव्वाला, म्हणजे आमच्या आईला, आमच्यापैकी एकट्यादुकट्याला हाक मारता येत नाही. काम कुणाचंही असो, ती सगळ्यांची नावं एका दमात घेते, "दामेऽ अमऱ्या मल्ल्या संगे सृष्टे बसू आदूऽ!" आणि जो हाताशी सापडेल तो तिचा. हाताशी बहुतेक वेळा सृष्टी सापडायची. सातांतली पाचवी, नऊ वर्षांची. मल्ल्यानं शेजाऱ्याचा भोपळा फोडला तरी धपाटा सृष्टीलाच बसायचा, कारण बाकीचे पळायचे आणि ती उभी राहायची.

"अव्वा, मी सृष्टी हाय," एवढंच ती सांगायची.

"बरं मग, पुढल्या खेपेला वळता करते," अव्वा म्हणायची. तो धपाटा कधीच वळता झाला नाही.

दामी म्हणजे मी, दामिनी. थोरली असल्यामुळं माझ्या डाव्या कमरेवर कायम कुणीतरी बसलेलं. एक उतरला की दुसरा. कॉलेजात नाव घातलं तेव्हा पहिल्या दिवशी मी वर्गात रिकामीच डावीकडं कलून उभी होते. बाईंनी विचारलं, "पायाला काही लागलंय का?" मी म्हटलं, "नाही, आदर्श घरी राहिलाय."

आमचं गाव किल्लारीच्या अलीकडं, भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं. घरं सगळी सारखी आणि लांब लांब. एक पडलं तर दुसऱ्याला लागू नये असा बांधणाऱ्यांचा विचार असावा. विचार चांगला आहे, पण या घरातली हाक त्या घरात पोचत नाही. भूकंप झाला तेव्हा अव्वा अकरा वर्षांची होती. रात्री बहिणीशी वाकळेवरून भांडून ती एकटीच अंगणात जाऊन निजली होती. उजाडलं तेव्हा वाकळ मागायला कुणी राहिलं नव्हतं. पुढं चुलत्यानं वाढवलं, लग्न लावून दिलं. आमचा पाळणा हलायचा थांबेना तेव्हा बाया म्हणायच्या, "कमलम्मा, बास कर की आता." अव्वा म्हणायची, "घरात माणसाचा आवाज पायजे." आमच्या घरात तो आहे. दुसरं फार काही नाही.

यंदा पावसाळ्याच्या शेवटाला तेरणा नदी आमच्या शेतात आली आणि परत जाताना माती घेऊन गेली. सोयाबीन शेंगेतच उगवलं. वरच्या तुकड्यात ज्वारी आणि मूठभर हरभरा, खालच्या तुकड्यात नुसते दगड. अप्पा रोज सकाळी जाऊन दगड वेचायचे. बोटं फुटलेली, त्यांवर हळद आणि चिंधी. दुपारी घरी येऊन म्हणायचे, "दगुड जोमात हाय यंदा."

दिवाळीला उदगीरहून महानंदाआत्या आली, अप्पांची धाकटी बहीण. मामांचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, गुरुपादप्पांचं तिथं भांड्याचं दुकान आहे. घर दोन मजली, माणसंही दोन. मजल्याला एक. आत्याचे दवाखाने करून झाले, देव करून झाले. तिनं अप्पांना बोलायला बाजूला नेलं. आमच्या घरात बाजूला म्हणजे चौकटीच्या पलीकडं. सगळ्यांना ऐकू आलं.

"अण्णा, तुला सात हायत. मला एक दे. आदूला दे. त्याला कळायला लागायच्या आत."

अप्पा नखानं भिंतीचा चुना खरवडत राहिले. "कमलाला इचारावं लागंल."

"इचारलं असं समजा," अव्वा चुलीपासून म्हणाली. "न्हाई. लेकरू म्हंजी काय कोथिंबिरीची जुडी हाय का, साताला एक वर घाला म्हनायला?"

आत्या रडली. तिला रडताना बघून अव्वाही रडली. मग दोघींनी मिळून चिवडा केला. जाताना आत्या म्हणाली, "येळवशीला येते वैनी. त्या दिशी शिवारात मागायला आलेल्याला कुणी न्हाई म्हनत न्हाई."

"जेवायला आलेल्याला," अव्वा म्हणाली.

येळवशीच्या आदल्या दिवशी आमच्या घरात उभं राहायला जागा नव्हती. एवीतेवी नसतेच. भज्जीसाठी तुरीचे दाणे, वटाणे, हरभऱ्याचे घाटे, चिंच, असा सगळा ढीग मधोमध आणि भोवती आम्ही. सोललेल्यातलं निम्मं तोंडात जात होतं. अव्वा उंडे वळत होती. थंडीनं तिचे तळवे भेगाळलेले, पिठाला मधूनच लाल ठिपका लागायचा आणि ती तो अंगठ्यानं आत दाबून टाकायची.

येळवस अमावास्येला गाव कुलूपबंद होतं. माणूस, पोर, म्हातारं, सगळं शेतात. शेतात कडब्याची कोप करायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच पांडव पुजायचे आणि मग दिवसभर कुणीही कुणाच्याही शेतात जेवायचं. गावात फक्त कुत्री राहतात, तीही दुपारपर्यंत.

सकाळी नागप्पाकाकांच्या ट्रॅक्टरची ट्रॉली दारात लागली. त्यांचं शेत आमच्या शेजारीच. अव्वा आंबिलीचं मडकं मांडीत घेऊन चढून बसली आणि तिला आठवलं.

"मिठाचा पुडा चुलीपाशी ऱ्हायला! दामेऽ अमऱ्या मल्ल्या संगे सृष्टे बसू आदूऽ, पळा कुनीतरी!"

कुणीतरी पळालं. तेवढ्यात आत्याची पांढरी गाडी हॉर्न वाजवत आली. गाडीत बसायचं म्हणून ट्रॉलीतली निम्मी पोरं खाली उड्या टाकून गाडीत घुसली, त्यांतली निम्मी परत ट्रॉलीत आली, कारण गाडीत मामांनी काचेला हात लावू नका म्हणून सांगितलं. नागप्पाकाका ओरडत होते, "चला की वैनी, पांडव उपाशी हायत!" अव्वानं मडकं माझ्याकडं दिलं, उतरली, दार ओढलं, कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोवली आणि चढली. निघालो.

शेतात अप्पा घोंगडं पांघरून, आंबिलीचा तांब्या घेऊन कोपीभोवती पळाले. मागून आम्ही "वलगे वलगे सालम पलगे" ओरडत. खालच्या तुकड्यातल्या दगडांवरही त्यांनी आंबील शिंपडली. मामा म्हणाले, "दगडाला कशाला?" अप्पा म्हणाले, "यंदाचं पीक तेच हाय."

मग अव्वानं आंबील चाखली. आळणी.

"मीठ कुनी आनलं?"

ट्रॉलीतले म्हणाले, गाडीतल्यांकडं असेल. गाडीतले म्हणाले, ट्रॉलीतल्यांकडं.

"शिपाई पाठवावा असा एक बी कामाचा न्हाई," अव्वा म्हणाली आणि तोंडाशी हात धरून बांधापलीकडं ओरडली, "नागप्पाभाऊऽ, मीठ धाडाऽ!"

मीठ घेऊन नागप्पाकाकांचा नातू आला, आनंदराज. डोक्यावर माकडटोपी, नाक गळतंय. त्यानं मुठीतलं मीठ मडक्यात सोडलं आणि तिथंच रेंगाळला.

अव्वानं पोरांसाठी पळसाच्या पत्रावळ्या ओळीनं मांडल्या. मोजून सात. "बसा रं." आदूला त्याच्या पानावर भरवत मी एका टोकाला बसले. भज्जी, उंडे, तिळाची पोळी, गव्हाची खीर. सातही पानं भरली, सातही मुंडकी खाली गेली आणि नुसता भुरकण्याचा आवाज येऊ लागला. अव्वा वाढायची पळी हातात धरून मागं उभी राहिली. कंबर मोडून आलेली, डोळ्यांत धूर गेलेला, आणि चेहरा असा की आत्ता कुणी किल्लारीचा साखर कारखाना बदल्यात दिला असता तरी तिनं घेतला नसता.

आत्यानं नेमकं तेव्हा पिशवी उघडली. ताट, वाटी, पेला. कोरं स्टील, उन्हात डोळ्यावर येणारं. मामांच्या दुकानात भांड्यावर नाव घालायचं मशीन आहे. ताटाच्या काठावर नाव घातलं होतं.

अव्वानं ताट उन्हाकडं तिरपं केलं आणि एकेक अक्षर वाचलं. "आदर्श." मग थांबून पुढचं वाचलं. "गुरुपादप्पा."

अप्पा ईश्वरप्पा आहेत. ते शेजारीच बसले होते. त्यांनी घास तोंडात तसाच धरून ठेवला.

"मी सांगितलं न्हवतं एवढं," मामा म्हणाले. "दुकानातल्या पोरानं घातलं. त्याला वाटलं..."

अव्वानं ताट उलटं केलं आणि भज्जीच्या पातेल्यावर ठेवलं. "झाकनच न्हवतं. बरं झालं." मग आत्याकडं वळली. "अक्का, हिकडं बगा. सात पानं मांडली, सात भरली. यातलं एक जरी रिकामं असतं न्हवं, तर माझ्या नरड्याखाली घास उतरला नसता. माझं पोर म्हंजी माझ्या डोळ्यातलं बुबुळ हाय. बुबुळ उसनं देत न्हाईत."

आत्यानं ओळीकडं बघितलं. सात पाठमोरी पोरं, सात वाकलेल्या माना. तिनं मान हलवली. "चुकलं वैनी. खरंच चुकलं. पुन्हा न्हाई इचारनार."

प्रश्न तिथं मिटला होता. अप्पांनी घास गिळला.

ती दुपार चांगली गेली, हे सांगितलं पाहिजे. पोरं या कोपीतून त्या कोपीत पांगली. एका शेतात खीर, दुसऱ्यात बोरं, तिसऱ्यात झोका. कुणाचं पोर कुणाच्या शेतात आहे ते त्या दिवशी कुणी बघत नसतं. अव्वा ज्वारीच्या कडेला घोंगडं टाकून आडवी झाली. अमऱ्या तिचे पाय दाबायला बसला, संगी डोक्यातलं बघायला, आदू पोटावर. बसू येऊन म्हणाला, "मी काय दाबू?" अव्वा म्हणाली, "तुजं तोंड दाब." आणि हसायला लागली. पोटावरचा आदू तिच्या हसण्याबरोबर वरखाली व्हायला लागला, तशी आत्याही हसली. अव्वाला दिवसाउजेडी आडवी झालेली मी बाळंतपणं सोडून पहिल्यांदाच बघत होते.

ऊन उतरल्यावर अप्पांनी वाळल्या गवताचा हेंडगा पेटवून शेताभोवती फिरवला आणि आम्ही घरी आलो. दिवे लागायची वेळ. ओळीतल्या सगळ्या घरांची कुलपं एकामागून एक निघत होती. अव्वानं आमचं काढलं, दार ढकललं. दार उघडेना. पुन्हा ढकललं. आतून कडी होती.

"कोन हाय?" आतून आवाज आला.

मल्ल्या दोन पावलं मागं सरला. बाहेरून कुलूप असलेल्या घराला आतून कडी लावणारं कोण असेल, याचा तो विचार करत होता आणि त्याला एकच उत्तर सुचलं होतं.

"आमी हाव," अव्वा म्हणाली.

"आमी कोन?"

अव्वानं सवयीनं सुरुवात केली. "दामे, अमऱ्या, मल्ल्या, संगे..." नाव घेईल तसं ती त्या त्या तोंडाकडं बघत गेली. पाचव्या नावाला तिनं बघितलं तिथं बसू उभा होता.

ती थांबली. कडी निघाली.

सृष्टी दारात उभी होती. हातात मिठाचा पुडा. "सापडलं," ती म्हणाली. "पाट्याच्या मागं पडलं हुतं."

अव्वानं तिला मारलं. मग छातीशी धरलं. मग पुन्हा हात वर गेला आणि कुणाला मारायचं ते न सुचून तिनं तो स्वतःच्या तोंडावर मारून घेतला. एकदा नाही. अप्पांनी मनगट धरलं.

"हाक मारायची की गं बाई! वरडायचं!"

"वरडले," सृष्टी म्हणाली. "गावात कुनीच न्हवतं. खिडकीत एक कुत्रं आलं, बगून गेलं."

"आन कडी कशाला लावलीस?"

"चोर आला तर? मी एकलीच हुते."

घर झाडलेलं होतं. आमचे धुतलेले कपडे सात घड्या करून वाकळेवर ठेवलेले, ज्याचे त्याचे वेगळे. दुपारी ती मिठाशी शिळी भाकर जेवली होती. "मीठ हुतंच," ती म्हणाली. आणि दिवा लावायचा नाही, लावला तर चोराला दिसतं, म्हणून अंधारात बसली होती.

संगीला राहवलं नाही. "मग सातवं पान कुनी खाल्लं?"

"आनंदराजनं," बसू म्हणाला. "त्यानं दोनदा खीर घेतली."

अव्वा आत्याकडं बघत होती. आता ती काय बोलते याची वाट बघत होती. बोलली असती तर अव्वा भांडली असती, भांडून मोकळी झाली असती.

"बोला की अक्का."

"काय बोलू, वैनी," आत्या म्हणाली आणि सगळ्यांना चहा ठेवायला आत गेली.

सकाळी उदगीरला परत निघायचं म्हणून मामांनी गाडी पुसायला घेतली. मागच्या सीटवर सृष्टी बसलेली. मांडीवर शाळेचं दप्तर, दप्तरात तिची कपड्यांची घडी. काल तिनंच घातलेली. मामांना वाटलं गंमत करतेय. त्यांनी बाकीच्या काचा पुसून घेतल्या. ती उतरेना.

मी आदूला कमरेवर घेऊन खिडकीशी गेले. "काय गं?"

"मी जाते आत्याकडं."

"आत्याला आदू पायजे हुता."

"आदू बारका हाय. त्याला अव्वा लागती." तिनं दप्तराचा पट्टा बोटाला गुंडाळला. "तिथं दोनच मानसं हायत, दामे. तिसरं इसरत न्हाईत."

"अव्वानं काय मुद्दाम केलं का?"

"न्हाई," ती म्हणाली. "मुद्दाम केलं असतं तर मी रुसले असते."

आत्या बाहेर आली, गाडीत बघून गडबडली. "अगं हिला समदं कळतंय की," ती अप्पांना तक्रार केल्यासारखं म्हणाली. तिला कळत नसलेलं पोर हवं होतं. अप्पांनी तिच्याकडं बघितलं, सृष्टीकडं बघितलं, मग फुटक्या बोटांकडं. "उन्हाळ्यापतोर ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "करमलं न्हाई तर मी येतो न्यायला." हे त्यांनी कुणाला सांगितलं ते कळलं नाही.

सगळे अव्वाच्या 'न्हाई'ची वाट बघत होते. अव्वा उंबऱ्यात उभी होती. तिच्याकडचं ते काल शेतात खर्चून झालं होतं. ती गाडीपाशी आली आणि म्हणाली, "उतर. येनी घालायची हाय."

सृष्टीची वेणी तिनं इतका वेळ घातली की मामांनी गाडी दोनदा बंद केली. आमच्या घरात वेण्या ओळीत बसून, फणी तोंडात धरून, पटापट घालतात. ही तिनं घातली, सोडली, पुन्हा घातली. मग सृष्टीच्या गळ्यातल्या लिंगाचं जुनं शिवदार, तो दोरा, काढून नवं बांधलं, गाठ दातानं आवळली. मग आत गेली, भज्जीच्या पातेल्यावरचं ताट आणलं, राखेनं घासलं, पदरानं पुसलं.

"दाजी, हे नाव खोडता येतं का?"

"स्टीलवरचं खोडत न्हाई, वैनी," मामा म्हणाले. "शेजारी दुसरं घालता येतं."

"मग घाला. नुसतं सृष्टी घाला. फुडं कुनाचं नाव नगं."

गाडी वळली तेव्हा सृष्टीनं हात हलवला नाही. तिचे दोन्ही हात ताटावर होते.

त्याच संध्याकाळी अव्वानं कुलूप नेऊन तेरणेत टाकलं. आता दाराला नुसती कडी असते. अजून चोरी झालेली नाही. चोराला आत शिरायला जागा नाही.

सृष्टीचा फोन येतो. आम्ही सगळे एकदम बोलतो. ती म्हणते, "एकेकानं बोला की," पण ते आम्हाला येत नाही. एकदा मी गच्चीवर पळून एकटीनं बोलले. ती म्हणाली, "दामे, आत्या नुसतं 'सृष्टी' म्हनती. आदूगर मला कळायचंच न्हाई, मलाच हाक मारायली म्हनून. मी बाकीच्या नावांची वाट बगत बसायचे." मी विचारलं, करमतंय का. म्हणाली, "हाव." मग म्हणाली, "घर लई मोठं हाय. मी कडी लावत न्हाई."

परवा अवकाळी पाऊस आला. गच्चीवर कुरडया वाळत घातलेल्या. पहिले थेंब पडले तशी अव्वा अंगणात धावली आणि तोंडाशी हात धरून ओरडली,

"सृष्टेऽ दामे अमऱ्या मल्ल्या संगे बसू आदूऽ!"

हल्ली ती तिच्यापासूनच सुरू करते. आम्ही बोललो नाही कधी त्यावर. पण आदू आता बोलायला लागलाय. तो अव्वाच्या पायापाशीच होता. पहिल्याच नावाला त्यानं हात वर केला आणि म्हणाला, "ओ."

अव्वानं खाली बघितलं. "तू न्हवं रं," ती म्हणाली.

थेंब वाढले. वर कुरडया भिजत होत्या. अव्वानं पुन्हा तोंडाशी हात धरला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आम्ही सगळे तिच्यासमोरच उभे होतो.